एका काडीच्या निमित्ताने : कर्ता कोण?

दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे खोचलेली, बोटभर लांबीची एक वस्तू आम्ही २०१८च्या दिवाळीत विकत घेतली. दुकानदार तिला स्टिक म्हणतो, जाहिराती तिला अधिक भारदस्त नावांनी संबोधतात, आणि आमच्या घरी आई (आमच्यापैकी एकाची आई, दुसरीच्या सासूबाई) तिला सरळ ‘काडी’ म्हणतात. या काडीने कल्याणातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत जगभरचे चित्रपट आणले, आणि आईंना त्यांची जुनी मराठी नाटके आणि मुलाखती आणून दिल्या. गेल्या काही महिन्यांपासून मात्र काडी रखडू लागली. बटण दाबावे आणि चहा टाकून यावे, अशी तिची गती झाली. मग एके रात्री पडद्यावर एक सूचना उमटली. तिचा मराठी तर्जुमा असा : ‘आपले उपकरण जुने झाल्यामुळे यापुढे या उपकरणावर ही सेवा उपलब्ध असणार नाही.’ त्या सेवेची वर्षभराची वर्गणी आम्ही नुकतीच भरली होती.

प्राध्यापक कक्षात हा विषय निघताच निकाल लागला. “म्हातारी झाली ती. नवी घ्या. चार-पाच हजारांचा तर प्रश्न!” एका सहकाऱ्याने उलट टोक गाठले : “काडीच कशाला, टीव्हीच काढून टाका. मराठीचे प्राध्यापक ना तुम्ही? वाचा.” वरकरणी ही मते परस्परविरोधी दिसतात. आमच्या मते ती एकाच चुकीची दोन रूपे आहेत. दोघांनीही पडद्यावरची ती सूचना वाचलीच नाही. आणि वाचणे हा तर आपला व्यवसाय आहे!

तेव्हा प्रथम वाक्य वाचू. ‘उपकरण जुने झाले.’ क्रियापद अकर्मक, आणि कर्त्याच्या जागी उपकरण. म्हणजे जे काही घडले ते काडीने स्वतःच केले. ती जुनी ‘झाली’. ‘सेवा उपलब्ध असणार नाही.’ इथे सेवेने आपणहून गैरहजर राहायचे ठरवले आहे. दोन्ही उपवाक्यांत माणूस नाही, संस्था नाही, निर्णय नाही. मोरो केशव दामल्यांचे १९११चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ ज्यांनी निदान चाळले आहे, त्यांना या वाक्यात काय दडवले आहे हे सांगण्याची गरज नसावी. ‘नळजोडणी खंडित करण्यात आली आहे’ या सरकारी मराठीला आपण वर्गात हसतो. ‘करण्यात आली’ म्हणजे कोणी केली, हे विद्यार्थ्यांना विचारतो. पण त्या सरकारी वाक्यात कोणीतरी काहीतरी केले, इतकी तरी कबुली असते. ‘जुने झाले’ या वाक्यात तेवढीही नाही. आणि आपण सगळे, भाषेचे म्हणवणारे, ते वाक्य जसेच्या तसे उचलून म्हणतो : म्हातारी झाली ती.

आता वस्तुस्थिती पाहू. गूगलच्या क्रोमकास्ट या उपकरणाची दुसरी पिढी २०१५ साली बाजारात आली. ९ मार्च २०२५च्या सुमारास जगभरातील अशी असंख्य उपकरणे एकाएकी निकामी झाली. आदल्या दिवशीपर्यंत ती उत्तम चालत होती. कारण एवढेच, की उपकरण अस्सल असल्याची ग्वाही देणाऱ्या एका अंतर्गत डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. धातू झिजला नव्हता, तार तुटली नव्हती. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली आणि तीच उपकरणे पुन्हा पूर्ववत चालू लागली. त्या आठवड्यात ती ‘म्हातारी’ होऊन पुन्हा तरुण झाली, असे आमचे सहकारी म्हणतील काय? त्याआधी डिसेंबर २०१९मध्ये नेटफ्लिक्सने काही जुने सॅमसंग संच आणि रोकू उपकरणे यांवरील आपली सेवा थांबवली, आणि कारण दिले तांत्रिक मर्यादांचे. मर्यादा असतीलही, त्या सर्वस्वी खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु चालू यंत्रावरची सेवा थांबते तेव्हा ती कोणीतरी थांबवलेली असते.

हा प्रकार नवा नाही. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी फीबस नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून बांधले. त्याहून अधिक टिकणारे दिवे बनवणाऱ्या सभासदाला दंड होत असे. १९६० साली व्हान्स पॅकर्डने ‘द वेस्ट मेकर्स’ या पुस्तकात अमेरिकी बाजारपेठेच्या याच वृत्तीची झडती घेतली. पण फीबसच्या उत्पादकांना निदान दिव्याची तार तरी अशक्त करावी लागत असे. दोष वस्तूत घालावा लागत असे. आज वस्तू धडधाकट राहते आणि तिचे आयुष्य दूरवरच्या एका आज्ञेवर अवलंबून असते. विकत घेतलेली वस्तू आपली असते, ही समजूतच त्यामुळे डळमळते.

आमच्या काडीचे पुढे काय झाले? आम्ही ती खिशात घालून उल्हासनगरला गेलो. फाळणीनंतर निर्वासितांनी कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलेले हे शहर. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी त्याचे भाग अजूनही ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘पाच’ म्हणूनच ओळखले जातात. वस्तू टाकून देण्याची चैन परवडत नसलेल्या माणसांनी उभारलेल्या या शहरात दुरुस्ती ही विद्या आहे. तिथल्या एका छोट्या दुकानातील कारागिराने पहिला प्रश्न विचारला : “करंट कुठून देता हिला?” आम्ही काडीची वायर टीव्हीच्याच यूएसबी खाचेत खोचली होती. तिथून वीज अपुरी मिळते. काडीसोबत आलेला अ‍ॅडॉप्टर आमच्या खणात नवाकोरा पडून होता. दुसरे, आठ जीबीच्या साठवणीत आम्ही कधीही न उघडलेली अकरा अ‍ॅप ठाण मांडून होती. ती त्याने काढली, उरलेल्यांचा साचलेला तात्पुरता मजकूर पुसला आणि पैसे घ्यायला नकार दिला. घरी येऊन आम्ही वाय-फाय राउटर कपाटाआडून बाहेर काढला. काडी पुष्कळ सुधारली. बंद झालेली ती एक सेवा तेवढी परतली नाही.

या प्रसंगातून जे कळले ते असे. एक जीबी स्मृतीचे ते यंत्र २०१८मध्ये जेवढे काम करीत होते, तेवढे आजही करते. वाढले आहे ते तिच्या डोक्यावरचे ओझे. अ‍ॅप दरवर्षी जड होत जातात. मुखपृष्ठावर आपण न मागितलेली झलकचित्रे आपोआप सुरू होतात; त्यांतली कित्येक उघड जाहिराती असतात. म्हणजे जाहिरात दाखवण्यासाठी यंत्राची ताकद खर्च व्हायची, त्यामुळे यंत्र रखडायचे, आणि रखडते म्हणून नवे यंत्र आपण आपल्या पैशाने घ्यायचे! बरे, नव्याने आम्हांला काय मिळणार? आमचा संच ३२ इंची, १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा. ‘फोर-के’ काडी लावली तरी संच तेवढेच बिंदू दाखवणार.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या उपकरणाला सुरक्षाविषयक सुधारणा मिळणे बंद होते, ते घरातल्या जाळ्याला धोका ठरू शकते. म्हणून आम्ही तिच्यावरील खात्याशी जोडलेले बँकेचे कार्ड काढून टाकले आहे, आणि सुधारणा पूर्णपणे थांबल्या की काडी बदलू. पण त्या केव्हा थांबणार? हे खोक्यावर लिहिलेले नव्हते. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मुदत छापलेली असते, औषधाच्या पट्टीवर असते, आणि हजारो रुपयांच्या यंत्रावर नसते. हे अशक्य आहे म्हणावे, तर ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या कायद्याने इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या ग्राहकोपयोगी उपकरणांना किमान किती काळ सुरक्षा-सुधारणा मिळतील, हे जाहीर करणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात संकेतस्थळही सुरू केले. दिशा योग्य आहे. पण ज्या वस्तूत मोडण्यासारखे काही नसतेच, फक्त आज्ञा मागे घेतली जाते, तिथे पेचकस आणि सुटे भाग मिळण्याच्या हक्काने काय साधणार? तिथे आधी तारीख हवी.

आता ‘टीव्हीच काढून टाका’ म्हणणाऱ्या सन्मित्रांकडे वळू. त्यांचे ग्रंथप्रेम आम्हांला मान्य आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. तिथले शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक उघडायला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज पडत नाही, हे खरेच आहे. पण यातून काढायचा निष्कर्ष ‘पडदा वाईट, पुस्तक चांगले’ हा नव्हे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले, चि. वि. जोश्यांचा चिमणराव पुस्तकातून तिथल्या मालिकेत गेला म्हणून हलका झाला नाही. आपण स्वतः माध्यमांतराची अभ्यासपत्रिका शिकवतो आणि घरी येऊन माध्यमालाच अस्पृश्य ठरवतो, याला काय म्हणावे? शिवाय या सात्त्विक त्यागाने कंपनीला एकही प्रश्न विचारला जात नाही. ‘नवी घ्या’ म्हणणारा निमूट पैसे देतो, ‘टाकून द्या’ म्हणणारा निमूट उठून जातो. कर्ता दोन्हीकडे नामानिराळाच.

आणि नवेपणाच्या मोहाबद्दल बोलायचे, तर तो निदान आपल्याला पडू नये. ‘अद्ययावत’ म्हणजे ‘आजपर्यंतचे’; उद्या उजाडला की ते शिळे. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७च्या. नवता ही दिनांकाची बाब नसून दृष्टीची असते, हे आपण पदव्युत्तर वर्गात वर्षानुवर्षे त्यांच्याच आधाराने सांगत आलो. ते केवळ परीक्षेपुरते होते काय?

‘चार-पाच हजारांचा तर प्रश्न’ या वाक्यातील ‘तर’सुद्धा तपासण्याजोगा आहे. हे वाक्य पूर्णवेळ वेतन घेणारा उच्चारतो. त्याच कक्षात, त्याच टेबलाच्या कडेला, तासिका तत्त्वावर शिकवणारा आपला सहकारी बसलेला असतो. त्याला त्या रकमेसाठी कित्येक तासिका घ्याव्या लागतात, आणि त्या तासिकांचे पैसेही वेळेवर येतीलच असे नाही. मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातील जुन्या फोनवरही हीच सूचना उमटते. ‘जुने झाले’ हे वाक्य सर्वांना सारखेच सांगितले जाते, त्याची किंमत मात्र सारखी पडत नाही.

आणि टाकलेली वस्तू जाते कुठे, हे तरी कल्याणकरांना विचारू नये. आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर २०२१मध्ये बंद होईपर्यंत त्याच्या आगींचा धूर आपण खिडक्या लावून सोसला. कचऱ्याची व्यवस्था लागेना म्हणून २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्याच रोखल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न २०२४च्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे ती अवघ्या २२.३ टक्क्यांची. उत्पादकावर जबाबदारी टाकणारे आपले २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. पण चालू यंत्राला कचरा ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न कचरा होण्याच्या आधीचा आहे, आणि तो या नियमांत सुटत नाही.

असो. शेवटी घरातला निर्णय. आमची चर्चा ऐकत बसलेल्या आईंनी एकच शंका काढली : “नवी काडी आली की माझी नाटकं तिथेच सापडतील ना?” वयाच्या बाहात्तराव्या वर्षी त्या ही काडी वापरायला शिकल्या, दोनदा उजवीकडे, एकदा खाली, मग मधले बटण. कोणाला हाक न मारता त्या दुपारी आपले नाटक लावतात. नव्या काडीचे मुखपृष्ठ वेगळे असेल, आणि आज एकोणऐंशीव्या वर्षी त्यांना पुन्हा आमच्या सवडीची वाट पाहावी लागेल. उन्नतीच्या जमाखर्चात ही बाब कोणत्याही दुकानात मांडली जात नाही. आमच्या दृष्टीने ती पहिली आहे.

म्हणून तूर्त आम्ही नवी काडी घेत नाही. बंद पडलेल्या सेवेकडे आम्ही उरलेल्या वर्गणीचा परतावा लेखी मागितला आहे. त्या पत्रात ‘आमचे उपकरण जुने झाले’ असे लिहिलेले नाही. ‘आपण आपली सेवा आमच्या चालू उपकरणावर बंद केली आहे’ असे कर्ता स्पष्ट ठेवून लिहिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. आमच्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी अशी सूचना पडद्यावर उमटली तर पाकिटाकडे हात नेण्यापूर्वी तिच्यातला कर्ता शोधावा, आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य वर्गात फळ्यावर लिहावे.