राजीनाम्यातला ‘राजी’

इंग्रजी ‘रिझाइन’ शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि तेही हिशेबाच्या वहीत. वहीच्या एका बाजूला कुणाच्या नावे पडलेली रक्कम दुसऱ्या बाजूला जमा दाखवायची, म्हणजे तो दावा मिटला. जे घेतले ते परत केले, एवढाच त्याचा अर्थ. पुढे त्याच शब्दाला नशिबापुढे मान तुकवण्याचाही अर्थ चिकटला. मराठीने ही गल्लत केली नाही. आपण ‘राजीनामा’ हा शब्द घेतला. अरबी ‘राजी’ आणि फारसी ‘नामा’ मिळून झालेला, राजी असल्याचा कागद. मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात खातेदार जमीन सोडताना राजीनामा लिहून देई आणि नवा खातेदार कबुलायत देई. म्हणून माझे म्हणणे असे, की सोडणाऱ्याची मर्जी असेल तरच तो राजीनामा. मर्जी नसेल, तर ते हिसकावणे.

याचे उजळ उदाहरण रोह्याचे. चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आयुष्यभर जमाखर्चात रमलेले हे गृहस्थ १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय झाला तेव्हा, जुलै १९५६ मध्ये, त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. मंत्रिमंडळात चर्चा न होताच हा निर्णय जाहीर झाला, हाही त्यांचा आक्षेप होता. आत राहून लढायला हवे होते, पद सोडणे म्हणजे मैदान सोडणे, असे कुणी म्हणेल. पण सामुदायिक जबाबदारीच्या पद्धतीत आत राहिलेल्या मंत्र्याला त्या निर्णयाचे समर्थन करावे लागते. ज्या मतदारांनी निवडून दिले, त्यांच्या खात्यावर तो खोटा आकडा ठरला असता. देशमुखांनी पद परत केले, मत स्वतःजवळ ठेवले. आज ‘राजीनामा घेतला’ असे आपण सर्रास लिहितो. राजीनामा द्यायचा असतो. तो घेतला जातो, तेव्हा त्यातला ‘राजी’ मेलेला असतो.

शब्दाच्या कुळावरून आजचा व्यवहार कसा ठरवणार, हा आक्षेप रास्त आहे. कुळाने काही सिद्ध होत नाही, मान्य. पण पेणच्या शेतकऱ्यांनी व्युत्पत्ती न पाहताच मर्जीचा हाच मुद्दा धरला होता. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, भूसंपादन सुरू झाले, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला मतदान घ्यावे लागले. जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. खारेपाटातली भातशेती कसणारे रांगेत उभे राहिले आणि बहुसंख्यांनी नकार दिला. विकास अडतो, असे तेव्हा म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. विकासाला जमीन लागतेच, हे खरे. पण न विचारता घेतलेल्या जमिनीवर तंटा उभा राहतो, आणि कोर्टकचेरीत वर्षे गेली की प्रकल्पही अडतो.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. सरकार स्वतःच्या कामासाठी जमीन घेते, तिथे मात्र अशी अट नाही. २०२४ मध्ये नव्या नगरासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावे अधिसूचित झाली आहेत. सरकारने या प्रत्येक गावात २००८ सारखे मतदान आधी घ्यावे आणि निकाल चावडीवर लावावा.