होपींचं नाव, मेणबत्तीचा धंदा आणि आपली चिकित्सा

कानात मेणबत्ती लावून मळ काढण्याची ‘थेरपी’ आता आपल्याही मुलामुलींच्या मोबाईलवर दिसू लागली आहे. मेणात भिजवलेल्या कापडाची पोकळ नळी घ्यायची, एक टोक कानात ठेवायचं, दुसरं पेटवायचं. ज्योतीमुळे ओढ तयार होऊन मळ आणि ‘विषारी द्रव्यं’ वर खेचली जातात, असा दावा.

आपल्यातलेच काही साथी याची बाजू घेतात. आधुनिक वैद्यक म्हणजे भांडवलदारांचा बाजार; ही तर अमेरिकेतल्या होपी आदिवासींची विद्या; मूलनिवासींचं ज्ञान नाकारणारे आपण कोण? बाजाराबद्दलचा राग आम्हालाही मान्य आहे. पण होपींना कुणी विचारलं का? ॲरिझोनातल्या या जमातीच्या परिषदेने ही प्रथा आमची नाहीच, असं स्पष्ट सांगितलं आणि त्यांच्या नावाने मेणबत्त्या विकणाऱ्या बायोसन या जर्मन कंपनीला ते नाव वापरू नका, असं कळवलं. म्हणजे इथे आदिवासींचं ज्ञान नाही, फक्त त्यांचं नाव आहे, आणि तेही त्यांच्या मर्जीविरुद्ध. ज्यांच्या बुद्धाची मूर्ती स्पाच्या दारात शोभेला ठेवली जाते, त्यांना ही चोरी ओळखू यायला हवी.

आता दाव्याकडे येऊ. 1996 साली अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तो मोजून पाहिला. नळीत ओढ तयार होतच नव्हती. एकाही कानातला मळ निघाला नाही. उलट काही कानांत मेणबत्तीचंच मेण पडलेलं आढळलं. त्यांनी 122 डॉक्टरांना विचारलं, तेव्हा या प्रकाराने झालेल्या 21 इजांची माहिती मिळाली. त्यांत भाजणं होतं, मेणाने कान बंद होणं होतं, पडदा फाटणंही होतं. आणि नळीच्या बुडाशी उरणारा तो पिवळट चुरा, जो ‘बघा, किती घाण निघाली’ म्हणून दाखवतात? कानाऐवजी रिकाम्या पेल्यावर नळी धरून पेटवा, तोच चुरा मिळेल. यासाठी एमबीबीएस लागत नाही. 2010 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविरुद्ध जाहीर इशाराही दिला.

‘पण मला बरं वाटलं’ असं कुणी म्हणालं तर त्याला खोटं ठरवू नये. अर्धा तास शांत पडून राहिलं की बरं वाटतंच. मळ निघाला, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. परंपरेत आहे, ऐकिवात आहे, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, असं बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितलं. बुवाच्या अंगाऱ्याला जो प्रश्न विचारायचा, तो या मेणबत्तीला विचारताना आपली जीभ का अडखळावी? इंग्रजी वेष्टन आहे म्हणून?

लोक अशा उपायांकडे वळतात त्याचं कारण नुसतं अज्ञान नाही. वस्तीतल्या बाईचा कान वाहत असेल तर तज्ज्ञ डॉक्टर जिल्ह्याच्या गावी. जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2006-07 पासून कागदावर आहे. आपल्या तालुक्यात त्यातून कान तपासायची किती उपकरणं आली, तपासणी कोणत्या वारी होते, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात.