आधी घरची माणसे, मग हरभरा



काशीची सकाळ, लखनौची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असे कौतुक उत्तर हिंदुस्थानात पूर्वापार चालत आले आहे. हे कौतुक गच्चीवर बसून चांदणे पाहणाऱ्यांनी केले असावे. पौषातल्या रात्री दोन वाजता हरभऱ्यात दारे धरणाऱ्या माणसाला विचाराल, तर तो माळव्याच्या रात्रीबद्दल निराळेच काही सांगेल.

थंड देशांत हिवाळी वादळ म्हणजे बर्फाचे वादळ. आपल्या इंदूर, देवास, धार भागात बर्फ पडत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण आपलेही एक हिवाळी वादळ आहे आणि ते टप्प्याटप्प्याने येते. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावरून जातो. त्याच्याबरोबर आपल्याकडे ढग येतात, मावठा पडतो, कधी गाराही पडतात. तो पुढे सरकला की आभाळ निवळते आणि हिमालयाकडचा कोरडा, बोचरा वारा खाली उतरतो. मग एखाद्या रात्री वाराही पडतो. आभाळ स्वच्छ, हवा निश्चल. हीच रात्र सर्वांत वाईट. ज्याला इकडे ‘पाला पडणे’ म्हणतात, ते पानांवरचे दंव गोठणे याच रात्री, पहाटे चार ते सहाच्या सुमारास घडते.

सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी घसरले असेल, तर हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. मात्र वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर असतो. उघड्या शेतात जमिनीलगतची थंडी त्याहून काही अंशांनी कडक असते. म्हणून रेडिओवर चार अंश सांगितले, तरी सकाळी आपल्या बटाट्याची पाने उकळते पाणी ओतल्यासारखी काळी पडलेली दिसतात. पेशींतले पाणी गोठते, पेशी फुटतात आणि ऊन चढले की झाड मान टाकते.

या रात्रीचे नुकसान आपण पाहिलेले आहे. जानेवारी २०११ मध्ये मध्य प्रदेशात पाल्याने तूर, हरभरा आणि मसूर यांचा नाश केला. त्या वेळी केंद्राच्या मदतीच्या यादीत पाला ही नैसर्गिक आपत्ती धरलीच जात नव्हती. मदतीच्या मागणीसाठी राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी स्वतः उपोषणाची घोषणा केली होती. पुढे २०१२ मध्ये थंडीची लाट आणि पाला यांचा त्या यादीत समावेश झाला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात गारांनी उभा गहू झोपवला. तेव्हा पिकाची चिंता खोटी आहे असे कोण म्हणेल? तरीही आज मला पिकाआधी माणसाबद्दल लिहायचे आहे.

शेतातला माणूस

थंडीच्या लाटेत आपल्या घरांत दोन गोष्टी हटकून घडतात. बाप रात्री शेतावर जातो आणि आई बंद खोलीत पेटती शेगडी ठेवते. दोन्ही गोष्टी मायेपोटीच होतात. आणि कडाक्याच्या रात्री सर्वांत जास्त धोका याच दोन गोष्टींत आहे.

पाल्याच्या रात्री शेताला हलके पाणी द्यावे, हा सल्ला बरोबर आहे. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते, त्यामुळे पिकाजवळचे तापमान थोडे वर राहते. पण या कारणाकडेच नीट पाहा. जमिनीने ऊब धरायची ती दिवसा, उन्हात. मग पाणी रात्री दोनलाच दिले पाहिजे असे कुठे आहे? ते त्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी, नाहीतर आदल्या दिवशी दिले तरी चालते. पूर्वी पाला केव्हा पडेल हे कळत नसे, म्हणून मध्यरात्री धावपळ करावी लागे. आता हवामान खाते चार-पाच दिवस आधी अंदाज देते. २०१९ पासून ‘मेघदूत’ नावाच्या मोबाईल ॲपवर जिल्ह्यासाठी शेतीचा सल्लाही मिळतो. घरातल्या शाळकरी मुलाला तो रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायला लावा.

कोणी म्हणेल, “फादर, वीज रात्रीच येते, त्याला काय करणार?” अडचण खरी आहे. शेतीची वीज पाळीपाळीने मिळते आणि काहींच्या वाट्याला रात्रीची पाळी येते. यावर तीन उपाय आहेत. पहिला शेजाऱ्याचा. ज्याची दिवसाची पाळी आहे, त्याने थंडीच्या लाटेपुरते आपल्या बोअरचे पाणी शेजाऱ्याच्या बांधावर सोडावे. आज तुमचे, उद्या त्याचे. दुसरा उपाय गावाचा. लाटेचा इशारा असेल त्या दिवसांत शेतीला दिवसा वीज द्यावी, असा ग्रामसभेचा ठराव करून तो वीज कंपनीकडे पाठवावा. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, गावाच्या ठरावाला उत्तर द्यावे लागते. तिसरा उपाय सौरपंपाचा. २०१९ पासून केंद्राची कुसुम योजना त्यासाठीच आहे, कारण ऊन दिवसाच असते.

इतके करूनही रात्री जावेच लागले, तर एकट्याने जाऊ नये. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कानटोपी, चांगली बॅटरी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड बरोबर न्यावा. भिजलेल्या कपड्यांत अंगाची ऊब झपाट्याने जाते. थरथर सुरू झाली की काम सोडून घरी यावे. थरथर थांबली, बोलणे अडखळू लागले आणि झोप येऊ लागली, तर अंगाचे तापमान ३५ अंशांखाली उतरले असे समजावे. हा जीवघेणा प्रकार आहे. अशा माणसाचे ओले कपडे काढावे, कोरड्या घोंगडीत गुंडाळून छाती आणि पाठ आधी ऊबेत घ्यावी. हातपाय चोळू नयेत. शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्यावा आणि १०८ ला फोन करावा. दारू मुळीच देऊ नये. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पुष्कळदा मालक गोधडीत असतो आणि दारे धरायला सालदार असतो, किंवा झाबुआ-अलीराजपूरकडून आलेला मजूर असतो. जी रात्र आपल्या मुलाला सोसणार नाही, त्या रात्री दुसऱ्याच्या मुलाला शेतात पाठवणे हे पाप आहे. याला मी दुसरे नाव देऊ शकत नाही.

बंद खोलीतली शेगडी

दुसरा धोका घरातला. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत तीच बातमी येते. रात्री खोलीत शेगडी ठेवली, दारे-खिडक्या लावल्या, सकाळी दार फोडावे लागले. आपल्या लोकांचा समज असा की धूर असेल तरच बाधा होते आणि निखारे लालबुंद झाले की भीती नाही. हा समज उलटा आहे. धुराने माणूस खोकतो, जागा होतो, दार उघडतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटक या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने धरून ठेवतो. आधी डोके जड होते, मग चक्कर, मळमळ, आणि झोपलेला माणूस जागा होतच नाही.

हे केवळ गरिबाघरचे मरण नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात हिमवादळ आले आणि लाखो घरांची वीज गेली. तेथील आरोग्य खात्याने या वादळात २४६ मृत्यू नोंदवले. त्यांतील १९ जण याच वायूने गेले. इतक्या संपन्न राज्यातही थंडीने काकडलेला माणूस तीच चूक करतो.

तेव्हा नियम एकच. शेगडी अंगणात किंवा उघड्या ओसरीत पेटवावी, सर्वांनी भोवती बसून शेकावे, आणि झोपायच्या खोलीत निखारा नेऊ नये. ‘जरा वेळ ठेवू, मग काढू’ असे म्हणू नये, कारण काढणाराच आधी झोपतो. न्हाणीघरातला बंब आणि गॅसचा गिझर यांनाही हाच नियम. गिझर न्हाणीच्या बाहेर बसवावा आणि खिडकी उघडी ठेवावी. कोणाला बाधा झालीच, तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यावे.

मग खोली उबदार ठेवायची कशी? दिवसा ऊन आत येऊ द्यावे, गोधड्या-घोंगड्या उन्हात तापवाव्या, आणि दिवस मावळण्यापूर्वी खिडक्या लावून फटींत गोणपाट कोंबावे, मात्र वरचा झरोका उघडा असावा. जमिनीवर झोपणाऱ्यांच्या अंगाखाली गवताची किंवा पोत्यांची गादी असावी, कारण थंडी वरून लागते तितकीच खालूनही लागते. सर्वांनी एका खोलीत निजावे. तान्ह्याला टोपी-मोजे घालून आईने छातीशी, अंगाला अंग लावून घ्यावे. लाटेच्या दिवसांत त्याला आंघोळ नको. पोट थंडगार लागले किंवा बाळ दूध ओढीना, तर सकाळची वाट पाहू नये. म्हाताऱ्यांचा रक्तदाब थंडीत वाढतो, म्हणून गोळी चुकवू नये, आंघोळ दुपारी करावी आणि फिरणे ऊन पडल्यावर. नाताळच्या रात्री अशांना मध्यरात्रीच्या मिस्सेला आणण्याचा आग्रह धरू नका. सकाळच्या मिस्सेला या, तोही नाताळच आहे.

गुरे आणि पीक

गोठ्याच्या उत्तरेच्या बाजूला गोणपाटाचे पडदे लावावे, वरून हवा खेळती ठेवावी. खाली कोरडा भुसा, वासरांच्या अंगावर झूल, प्यायला कोमट पाणी, आणि संध्याकाळी मूठभर जास्त वैरण. हेही दिवेलागणीपूर्वीच व्हावे.

पिकाला हलक्या पाण्याखेरीज पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक, लिटरला २ ते ३ ग्रॅम, या प्रमाणात फवारता येते. आपल्या पिकाला किती व केव्हा, हे इंदूरच्या कस्तूरबाग्राम येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावे. बांधावर धूर करण्याची जुनी रीत आहे, पण त्याचा गुण बेताचाच. त्यासाठी कोणी रात्रभर जागून धूर छातीत भरून घेऊ नये.

आणि एवढे करूनही पीक गेलेच, तर पटवाऱ्याकडे त्वरित लेखी अर्ज द्यावा. पाहणी झाल्यावर राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ प्रमाणे मदत मिळते. विमा काढला असेल तर गारपिटीची खबर ७२ तासांच्या आत, १४४४७ या क्रमांकावर द्यावी. मदत नुकसानीइतकी नसते, उशिराही येते, हे मला ठाऊक आहे. तरी हरभरा पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो. गेलेल्या माणसाला कोणताही पंचनामा परत आणीत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की थंडीशी सामना दिवस मावळण्यापूर्वी करावा. शेताचे पाणी, गोठ्याचे पडदे, खिडकीतले गोणपाट, सारे उन्हात आटोपावे. मग उरलेल्या घटकाभरात एक काम करावे. वस्तीत एकटी राहणारी म्हातारी, शेतातल्या खोपटात निजणारे मजुराचे कुटुंब यांच्या दाराशी जावे. अंगावर घोंगडी आहे का ते पाहावे आणि शेगडी आत आहे की बाहेर, ते विचारावे.

आपला,
धर्मगुरू