तड्याचे चक्रवाढ व्याज

१९६४ साली उभा राहिलेला ओझरचा विमान कारखाना म्हणजे आम्हा नाशिककरांचा अभिमान. मिग-२१ तिथे बांधली गेली, पुढे सुखोई-३०. बँकेत असताना तिथल्याच एका खातेदाराने मला पत्र्यातल्या तड्याचे गणित समजावले होते. उड्डाणागणिक पत्रा ताणला जातो, सैलावतो आणि तडा केसभर सरकतो. तडा जितका लांब, तितकी पुढची वाढ जलद. मी म्हटले, ‘‘अहो, हे तर चक्रवाढ व्याज!’’ ते हसले.

आता हे व्याज संगणक मांडतो. पत्र्याचे हजारो बारीक तुकडे कल्पून कुठे किती ताण, तडा कुठे वळेल, किती उड्डाणांनी धोक्याच्या लांबीला पोचेल, ते पडद्यावर दाखवतो. १९५४ साली दोन कॉमेट विमाने समुद्रात कोसळली, तेव्हा तसलेच विमान पाण्याच्या टाकीत ठेवून पुन:पुन्हा दाब द्यावा लागला होता. त्यामानाने केवढी सोय!

पण मुद्दल कोण सांगणार? आज तडा केवढा आहे, हे रिव्हेटांच्या ओळी न कंटाळता तपासणारा माणूसच सांगतो. व्याज अचूक, पण मूळ नोंदच खोटी, अशी खाती मी बँकेत पाहिली आहेत. म्हणून संगणक आला की तपासनीस कमी करावेत, हा हिशेब मला मुळीच पटत नाही. १९८८ साली हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७चे छत आकाशात उडाले. एक हवाई सेविका गेली. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना पत्र्यावरचा तडा दिसला होता. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.