फुकट वेबसाइटचा सातबारा कुणाच्या नावावर?

पोस्ट लांब आहे, पण आंबावाले, होमस्टेवाले, खानावळवाले, काजू-कोकमवाले, डॉल्फिन दाखवायला नेणारे बोटवाले, सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा. तुमच्याच धंद्याची गोष्ट आहे.

आपल्याकडे एक सवय पक्की झालीय. वेबसाइट फुकटात होते ना, मग पैसे कशाला घालायचे? म्हणून कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या फुकट प्लॅटफॉर्मवर पान उभं करायचं आणि त्या कंपनीने दिलेला पत्ता आंब्याच्या पेटीवर, कार्डावर, रस्त्याकडेच्या पाटीवर छापून मोकळं व्हायचं. माझं म्हणणं एका ओळीचं आहे. फुकट वेबसाइट खुशाल वापरा, पण फुकट पत्ता वापरू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असं आपल्याला वर्षानुवर्षं शिकवलं गेलं आणि त्यात आपण मार खाल्ला.

कसा, ते सांगतो. २०१७ च्या जानेवारीत गूगलचे सुंदर पिचाई दिल्लीत आले होते. छोट्या व्यावसायिकांसाठी प्रशिक्षणाची योजना जाहीर झाली आणि सोबत मोबाइलवरूनच बनणाऱ्या फुकट वेबसाइटची. मॅपवर दुकानाची नोंद केली की तिथलाच फोटो, फोन, वेळ, पत्ता उचलून गूगल आपोआप एक पान तयार करून द्यायचं. शेवटी 'डॉट बिझनेस डॉट साइट' लागायचं. खरं सांगायचं तर चीज चांगली होती. कोडिंग नको, कॉम्प्युटर नको, महिन्याचं भाडं नको, जाहिरातींचा त्रास नाही. दहावी-बारावीतलं पोर बसल्या बसल्या घरच्या होमस्टेचं पान करून द्यायचं. ज्यांना शहरातला वेब डिझायनर वीस-पंचवीस हजार सांगत होता, त्यांच्यासाठी हे वरदानच. लोकांनी ते घेतलं यात त्यांची काही चूक नाही.

मग आला २०२४ चा मार्च. गूगलने ही सगळी पानं बंद केली. १० जूनपर्यंत त्या पत्त्यावर येणाऱ्याला तुमच्या मॅपवरच्या नोंदीकडे वळवलं जाईल, त्यानंतर तेही नाही, असं कळवलं आणि तसंच केलं.

तारखा नीट बघा. मार्च म्हणजे आपल्याकडे आंबा सुरू. १० जून म्हणजे आंबा संपला, मिरग लागला. म्हणजे त्या हंगामात तरी पेटीवरचा पत्ता कसाबसा चालला. पण पेटीवर पत्ता आपण त्याच हंगामासाठी छापतो का? डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाने पेटी खाल्ली, आवडली, पेटीची फळी किंवा खोक्याचा तुकडा फ्रीजवर ठेवून दिला. पुढच्या एप्रिलमध्ये तो पत्ता टाकतो, तर पान उघडत नाही. तो काय शोध घेत बसणार आहे का तुमचा? तो 'देवगड हापूस' किंवा 'रत्नागिरी हापूस' टाकतो आणि वरच्या पहिल्या जाहिरातीला फोन लावतो. ती जाहिरात बहुतेक वेळा कलम लावणाऱ्याची नसते, माल उचलून विकणाऱ्याची असते. २०१८ साली हापूसला जीआय मिळाला तेव्हा आपण खूश झालो होतो, की आता भलत्या भागातला आंबा हापूस म्हणून खपवणाऱ्याला चाप बसेल. आणि इथे खरा हापूसवाला स्वतःचा पत्ताच जिवंत ठेवू शकला नाही.

आता कुणी म्हणेल, गूगलने फसवलं. मी तसं म्हणत नाही. त्यांनी पैसे घेतले नव्हते, त्यांनी आधी कळवलं होतं, आणि त्यांच्या मालकीची वस्तू त्यांनी बंद केली. (कळवलेला मेल त्या जीमेलवर गेला, जो पुण्याला असणाऱ्या भाच्याने काढला होता आणि ज्याचा पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नाही, हा भाग वेगळा.) माझा मुद्दा नेमका तोच आहे. वस्तू त्यांची होती. आपण ती आपली समजून बसलो.

कोकणातल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला लागू नये. जमीन आपली की कुळाने कसलेली, या प्रश्नावर आपल्याकडे पिढ्या कोर्टात गेल्यात. दोन गुंठ्यांसाठी सख्खे भाऊ बोलत नाहीत. बांधाचा दगड वीतभर सरकला तरी मोजणी मागवतो आपण. आणि तोच माणूस धंद्याचा पत्ता अशा ठिकाणी उभा करतो जिथे त्याचं नाव सातबाऱ्यावर तर सोडाच, इतर हक्कातसुद्धा नाही. लक्षात ठेवा, इंटरनेटवर कूळ कायदा नाही. सात वर्षं कसा नाहीतर सत्तर, मालक म्हणेल त्या दिवशी उठायचं.

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. जिओसिटीज नावाची फुकट पानांची अख्खी वसाहत होती, याहूने १९९९ मध्ये अब्जावधी डॉलर मोजून विकत घेतली आणि २००९ मध्ये पाडली. ऑर्कुट २०१४ ला गेलं. गूगल प्लस २०१९ ला. टिकटॉक तर २०२० च्या जूनमध्ये सरकारनेच एका रात्रीत बंद केलं, त्यावर ज्यांनी गिऱ्हाईक जमवलं होतं ते सकाळी रिकाम्या हाताने उठले. बंद करण्याची कारणं प्रत्येक वेळी वेगळी होती, पण वर बसलेल्या भाडेकरूला विचारलं एकदाही नाही.

मग आपलं काय असतं? आपलं असतं ते नाव. ज्याला डोमेन म्हणतात ते. हे समजायला मोबाइल नंबरचं उदाहरण घ्या. २०११ पासून देशभर नंबर पोर्ट करता येतो. कंपनी आवडली नाही, दुसरीकडे गेलो, नंबर तोच राहिला, गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नाही. डोमेनचं तसंच आहे. 'अमुकआंबा डॉट इन' हे नाव तुमच्या नावावर असलं, की त्याच्या मागे आज एका कंपनीचं फुकट पान लावा, उद्या ती बंद पडली तर दुसऱ्या कंपनीचं लावा. पेटीवर छापलेलं बदलायला नको. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, हे खरं. पण फी भरताय तोवर ते दुसऱ्या कुणाला जात नाही आणि कुठल्या एका कंपनीच्या लहरीवर ते टिकून नसतं.

आता फुकट प्लॅटफॉर्म सगळे सारखे नसतात, तेही सांगायला हवं. विक्सवर फुकटात पान होतं, दिसायला झकास, पण पत्ता विक्सचा आणि वर विक्सची जाहिरात. स्वतःचं नाव जोडायचं तर पैशांचा प्लॅन घ्या. आणि उद्या कंटाळून निघायचं म्हटलं तर बांधलेली साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून बांधायची. वर्डप्रेस डॉट कॉमवरही फुकट पत्ता त्यांचा आणि जाहिराती त्यांच्या, पण तुमचा मजकूर बाहेर काढून नेता येतो. ब्लॉगर आणि गूगल साइट्स यांना मात्र तुमचं विकतचं नाव जोडायला ते पैसे मागत नाहीत. म्हणजे खर्च फक्त नावाचा. एका साध्या डॉट इन नावाला वर्षाला साधारण काही शे रुपये, फार तर हजाराच्या आसपास. हंगामाच्या सुरुवातीला आपण डझनाला जो भाव सांगतो तेवढाच. पहिल्या वर्षी नव्याण्णव रुपये वगैरे दिसलं तर भुलू नका, दुसऱ्या वर्षीची रक्कम आधी विचारा.

"पण आमचं गिऱ्हाईक मॅपवरूनच येतं, वेबसाइट लागतेच कशाला?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. बरोबर आहे, मॅपवरून येतं. मॅपची नोंद ठेवाच. पण ती नोंदही भाड्याचीच आहे. नियमात बसत नाही म्हणून नोंद निलंबित झाली, तर पुन्हा चालू व्हायला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नाही, आणि फोन उचलायला तिकडे कुणी बसलेलं नाही. इन्स्टाग्रामचं तेच. पेज हॅक झालं म्हणून मे महिन्यात डोक्याला हात लावून बसलेले होमस्टेवाले आपल्याच तालुक्यात आहेत. बाजारात बसायला ओटा मॅपचा घ्या, इन्स्टाचा घ्या, पण गिऱ्हाइकाला घरचा पत्ता द्या.

"आम्हाला नाही जमत हे" असंही म्हणतात. मासळी विकणाऱ्या मावश्यांनी क्यूआर कोड लावला आणि आलेले पैसे मोबाइलवर तपासायला शिकल्या. तुम्हाला वर्षातून एकदा नूतनीकरण जमणार नाही?

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण एकट्या परदेशी कंपन्यांना बोल लावून सुटका नाही. लोक फुकटाकडे धावले त्याला आपले स्थानिक वेब डिझायनरही जबाबदार आहेत. सगळे नाहीत, पण पुष्कळ. गिऱ्हाइकाकडून पूर्ण पैसे घ्यायचे, डोमेन मात्र स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या मेलवर काढायचं. दोन वर्षांनी भांडण झालं की "साइट बंद करतो". माझ्या ओळखीच्या एका खानावळवाल्याचं नाव असंच अडकून पडलं. पैसे भरले त्याने, मालक झाला डिझायनर. हे भाडेकरूपण गूगलच्या भाडेकरूपणापेक्षा वाईट, कारण यात भाडंही गेलं. भावांनो, तुम्ही इथलेच आहात, रोज तोंड दाखवायचं आहे. गिऱ्हाइकाची जमीन गिऱ्हाइकाच्या नावावर करा.

आणि तिसरे आपले कार्यशाळावाले. सरकारी खाती, व्यापारी संघटना, बँका, कॉलेजं. 'डिजिटल व्हा' म्हणून हॉल भरवायचा, चहा-बिस्किटं, समोर मोबाइल धरून तासाभरात फुकट पानं काढून घ्यायची, इतक्या उद्योगांना ऑनलाइन आणलं म्हणून फोटो. २०११ सालीही असंच एक मोठं अभियान झालं होतं, गूगल आणि होस्टगेटरचं. त्यात वेबसाइट आणि डोमेन पहिल्या वर्षी फुकट होतं. दुसऱ्या वर्षी पैसे भरायचे. निदान नाव देत होते. पण नाव म्हणजे काय, ते का सांभाळायचं, दुसऱ्या वर्षी ते का सोडायचं नाही, हे गावपातळीवर कुणी समजावलं? हजेरीपटावर सही घेतली आणि संपलं.

माझी जिल्हा उद्योग केंद्राकडे, आणि आपल्या आमदार-खासदारांकडेही, साधी मागणी आहे. उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे, ठीक. त्या नोंदणीसोबत प्रत्येक छोट्या उद्योगाला डॉट इन नाव पाच वर्षांसाठी द्या, उद्योजकाच्या नावावर. मराठीत हवं असेल तर देवनागरीतलं 'डॉट भारत' आहेच, २०१४ पासून मिळतंय, ते किती जणांना माहीत आहे ते एकदा आपल्या बाजारपेठेत विचारून बघा. डॉट इन आणि डॉट भारत ही दोन्ही नावं सांभाळणारी निक्सी ही संस्था इथलीच आहे, कुठे कॅलिफोर्नियाला अर्ज करायचा नाही. स्वागत कमानी आणि फ्लेक्सवर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च चिल्लर आहे.

पण सरकार करेल तेव्हा करेल. पावसाळ्यात हातात वेळ असतो, तेवढ्यात आपण चार कामं उरकू.

एक, धंद्याचं नाव डोमेन म्हणून मोकळं आहे का बघा आणि स्वतः घ्या. मालक म्हणून तुमचं नाव, तुमचा मेल, तुमचा फोन, बिल तुमच्या नावाने. मुलाने काढून दिलं तरी चालेल, पण पासवर्ड घरच्या वहीत लिहा.

दोन, आधीच कुणाकडून वेबसाइट करून घेतली असेल तर आजच विचारा, डोमेन कुणाच्या नावावर आहे? उत्तर द्यायला माणूस अडखळला तर समजून जा.

तीन, फुकट पान ठेवायचं तर ठेवा, पण त्याला तुमचं नाव जोडा. छापताना तेच नाव छापा. मॅपवर आणि इन्स्टावरही वेबसाइट म्हणून तेच टाका.

चार, गिऱ्हाइकांचे नंबर एका वहीत उतरवा. पेटी कुणाला गेली, किती गेल्या, कोणत्या साली. ही वही कुठलीही कंपनी बंद करू शकत नाही.

येत्या हंगामाच्या पेट्या छापायला टाकायच्या आधी एवढं करा. छापखान्यात प्रूफ बघाल तेव्हा पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा, ही जागा माझी आहे का? नसेल तर छपाई थांबवा.

पटलं तर गावच्या ग्रुपवर पाठवा. नाही पटलं तर सांगा, भांडू.