एका किल्लीचा कैवार

जुन्या मोटारींना नवे तारुण्य देणाऱ्या मंडळींशी माझे भांडण आहे. आता तुम्ही म्हणाल, बँकेतला कारकून, स्वतःचे वाहन सायकल, तुम्हाला हो कशाला ही उठाठेव? पण मोटार असेल त्यानेच मोटारीवर बोलायचे ठरले, तर परभणीतल्या निम्म्या गप्पा बंद पडतील!

भांडण रंगाबद्दल नाही, इंजिनाबद्दलही नाही. दाराच्या कुलपाबद्दल आहे. समजा, १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. मालक हौशी. बंपर लखलखीत करतो, सीटच्या कापडाचा मूळ रंग शोधत चार गावे हिंडतो. आणि कुलूप जरा अडले, की फिटर म्हणतो, "साहेब, कशाला डोकं लावता? रिमोट बसवून टाकू. बनी तो बनी, नहीं तो परभणी!" दुसऱ्या दिवसापासून ती खानदानी बाई 'टुक टुक' करू लागते. नऊवारी नेसलेल्या आजीने शिट्टी मारावी तसे वाटते.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, असे ते बजावतात. कुलपाचे नाव काही त्यांत नाही, म्हणून सगळ्यांचा हात तिथे सैल सुटतो. पण नियम जिथे पाहत नाही तिथेच सचोटी कळते. कुठल्याही ऑडिटरला विचारा.

वास्तविक कुलूप बहुधा मेलेले नसतेच. बॅरलमध्ये पातळ पत्र्या असतात. किल्लीचे दात त्यांना एका रेषेत आणतात, तेव्हा ते फिरते. वर्षानुवर्षांनी दोन्ही झिजतात. मग आपण किल्लीवाल्याकडे जातो आणि तो झिजलेल्या किल्लीवरूनच नवी कापून देतो. म्हणजे झीजसुद्धा कोरी करकरीत! अहो, बँकेत आम्ही सही मागच्या चेकशी ताडून पाहत नाही, नमुन्याच्या सहीशी पाहतो. किल्लीची नमुना-सही म्हणजे त्या पत्र्या. बॅरल काढा, साफ करा, पत्र्यांवरून किल्ली घडवून घ्या. अर्धे तंटे तिथेच मिटतील.

बदलणे अटळच असेल, तर खुशाल बदला. पण त्याच जातीचे कुलूप शोधा. चोरांपासून वाचवणारी ही वस्तू मुंबईच्या चोरबाजारात शोधावी लागते, हा विनोद माझा नव्हे. जुळत असतील तर जुन्या पत्र्या त्यातच भरून घ्या, म्हणजे किल्ली तीच राहील.

आणि मुख्य गोष्ट. किल्लीचे कुलूप वेगळे आणि दार धरून ठेवणारा खटका वेगळा. रिमोटने झिजलेला खटका सुधारत नाही. जुन्या फियाटच्या, म्हणजे मुंबईकरांच्या 'डुक्कर फियाट'च्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत. धावत्या गाडीत असे दार सुटले, तर वारा ते मिटवत नाही, सताड उघडतो. पद्मिनीच्या बिजागऱ्या पुढे आल्या; पण जिंतूर रोडवरच्या खड्ड्यात दार सुटलेच, तर पट्टा नसलेल्या माणसाला कोण धरणार? टुक टुक?

म्हणून खटका बसवला, की दार उघडे ठेवूनच तो स्क्रूड्रायव्हरने मिटवावा आणि हँडलने, किल्लीने सोडवून पाहावा. आधीच दार लावून "जमलं साहेब!" म्हणणाऱ्याला मग खिडकीतून आत उतरावे लागते.

कॉमर्सला आम्हाला घसारा शिकवला. वस्तू जुनी होते, किंमत उतरते. पन्नाशी ओलांडलेल्या मोटारीचे गणित मात्र उलटे. तिच्यात जेवढे जुने शिल्लक, तेवढी तिची किंमत. मग ती शिल्लक आपल्याच हाताने भंगारात का घालायची?

जगात जर्मनी, भारतात परभणी, असे आपण छाती फुगवून म्हणतो. तर मग बसस्टँडजवळ पेटी मांडून कानस घासत बसलेल्या आपल्या किल्लीवाल्याकडे आधी जा. रिमोटचे दुकान कुठे पळून जात नाही.