हुद्दा आणि जात यांतला फरक ओळखा

कॉलेजात एनसीसीची भरती निघाली की आपल्या तरुणांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. एक जण वर, बाकीचे खाली आणि वरच्याला सॅल्यूट; ही चातुर्वर्ण्याचीच नक्कल नाही का? समता मानणाऱ्याने रँक कशासाठी मिरवायची? प्रश्न प्रामाणिक आहे. पण काही कार्यकर्ते त्याला 'होय, नक्कलच आहे' असे उत्तर देऊन मोकळे होतात आणि सातारा-सांगलीतल्या आपल्याच पोरापोरींना मैदानाबाहेर बसवतात. हे उत्तर साफ चूक आहे.

जात म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. ती श्रेणीबद्ध विषमता आहे. तिथली पायरी जन्माने मिळते आणि मरेपर्यंत बदलत नाही. आता या कसोटीवर एनसीसी लावून बघा. पहिल्या दिवशी सगळेच कॅडेट. पुढे लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट आणि शेवटी सीनियर अंडर ऑफिसर. हजेरी, ड्रिल, कॅम्प, नेतृत्व यांवर रँक ठरायची असते. मुदत संपली की ती पुढच्या बॅचकडे जाते. सार्जंटच्या मुलाला ती वारशाने मिळत नाही. शिवाय तुकडी उशिरा आली तर जाब सार्जंटलाच द्यावा लागतो. गावगाड्यातल्या वरच्या पायरीने खालच्या पायरीसाठी कधी कुणाला जाब दिला आहे? तिथे वर अधिकार आणि खाली राबणूक, एवढीच वाटणी होती.

हुद्दा जातीला सुरुंग लावतो, हे जातवाद्यांना आपल्या आधी कळले. मुंबईच्या फौजेत महार सैनिक सुभेदारापर्यंत चढत होते. सवर्ण शिपायाला त्यांच्यापुढे टाच जुळवावी लागे. ते डोळ्यांत खुपले. त्यात इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चे शास्त्र काढले आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत मागणी नेली. पहिल्या महायुद्धात महारांची पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच मोडली गेली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. जो हुद्दा मिळवायला तीन पिढ्या झगडल्या, तो आपण 'मनुवादी' म्हणून सोडून द्यायचा?

कुणी म्हणेल, हुद्द्याने जात कुठे गेली? बरोबर आहे, आणि त्याचा पुरावा सातारा जिल्ह्यातच आहे. १९०१ साली मसूर स्टेशनवर सुभेदार रामजींची मुले उतरली. अंगावर चांगले कपडे होते, खिशात पैसे होते. पण जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्याबरोबर गाडीत बसेना. गाडी मुलांनीच हाकायची आणि तो शेजारून चालणार, असा सौदा झाला. बापाचा फौजी हुद्दा मसूरच्या फलाटावर कामाला आला नाही. पण यातून हुद्दा निरुपयोगी ठरत नाही. छावणीत मिळालेली शिस्त गावात संघटनेच्या रूपाने उभी करावी लागते, एवढेच ठरते. महाडच्या संगराच्या काळात, १९२७ च्या सुमारास, उभे राहिलेले समता सैनिक दल ही तीच गोष्ट. त्यात गणवेश होता, कवायत होती, आज्ञा देणारा होता आणि पाळणारे होते. समतेचा लढा गर्दीने लढता येत नाही, हे बाबासाहेब जाणून होते.

आजच्या सांगली जिल्ह्यातले कुंडल आठवा. प्रतिसरकारच्या तुफान सेनेत शेतकऱ्यांची पोरे होती. त्यांना सनद द्यायला कुठलेही सरकार नव्हते. तरी तिथे 'फील्ड मार्शल' जी. डी. बापू लाड होते, 'कॅप्टन भाऊ' होते. कुणी कुणाचे ऐकायचे हे ठरलेले असल्याशिवाय इंग्रजांची पे-ट्रेन अडवता येते काय?

आता आपल्याकडे बघू. आपल्या संघटनांत शिपाई कमी आणि सेनापती फार. फ्लेक्सवर पंधरा फोटो आणि पंधरा पदे. सतरंज्या उचलायला कुणी नाही. जिल्हाध्यक्ष वर्षानुवर्षे तोच. ना परीक्षा, ना मुदत, ना जाब. एनसीसीच्या रँकला नावे ठेवणाऱ्यांनी आधी हे सांगावे की यातले मनुवादी काय आहे.

म्हणून भांडायचेच असेल तर योग्य जागी भांडा. रँक कोणत्या निकषांवर दिली, कुणाला किती गुण पडले, हे नोटीस बोर्डावर लावायला सांगा. आडनाव बघून पट्ट्या लागत असतील तर लेखी तक्रार करा. ती गणवेशातली जातच आहे. 'सी' सर्टिफिकेट घेऊन पदवीधर झालात, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय एसएसबीच्या मुलाखतीपर्यंत जाता येते. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. तिथे अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा आहेत. वस्तीतल्या पाचवीच्या मुलामुलींचे अर्ज कोण भरून घेणार? हे काम फ्लेक्सवरच्या पंधरा जणांनी वाटून घ्यावे.

जातीने दिलेली पायरी नाकारा. कष्टाने मिळणारी पायरी चढा, आणि मुदत संपली की पुढच्याला जागा द्या.

जय भीम!